पाळकांचा पगार, पेट्रोल आणि पाकिटं

मंदिर ट्रस्टच्या ऑडिटवर लिहिल्यापासून चर्चवाल्या वाचकांची पत्रं, व्हॉट्सॲप मेसेज असं बरंच साठलंय, काहींनी तर कमिटीच्या मीटिंगमधली भांडणंच्या भांडणं लिहून पाठवलीत, म्हणून ह्या वेळचं अख्खं पान पाळक (म्हणजे चर्चचे पास्टर), सिस्टर आणि त्यांच्या जोडीला आपले कीर्तनकार बुवा ह्यांच्यासाठी. आधीच सांगून ठेवते, भारतातल्या टॅक्सचे खाली जे आकडे आहेत ते आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे ज्याचं रिटर्न आता भरायचंय. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलंय, पण ह्या वेळचं रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानेच जाणार, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

प्रश्न : ताई, मी इंदूरमध्ये एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, पाळक आहे. महिना ३८,००० पगार आणि वर ९,००० फिरस्ती भत्ता मिळतो, राहायला चर्चच्याच मालकीचं घर आहे. महू, राऊ, कधी देवासपर्यंत स्कूटरवर भेटी असतात, पेट्रोल माझं. कमिटी म्हणते भत्ता दिलाय ना, मग बिलं कशाला. खरं सांगायचं तर देवाच्या कामाची बिलं मागायला मलाही बरं वाटत नाही. मला टॅक्स किती बसेल?
— एक पाळक, इंदूर

उत्तर : पाळकसाहेब, टॅक्स शून्य. टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीत, म्हणजे नव्या रेजीममध्ये, पगारदाराला ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) आहे आणि त्यानंतरचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेट मिळून काहीच भरावं लागत नाही. म्हणजे टॅक्सच्या भीतीने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पण रिटर्न भरावंच लागेल, कारण ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की टॅक्स शून्य असला तरी रिटर्न चुकत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या भत्त्याचं जे चाललंय ते बरोबर नाही आणि त्यात नुकसान तुमचंच आहे. कामासाठी फिरायला जो भत्ता मिळतो तो नव्या रेजीममध्येसुद्धा माफ आहे, पण जेवढा खरोखर कामावर खर्च झाला तेवढाच माफ, आणि तो खर्च झाल्याचा कागद पाहिजे. कागद नाही म्हटल्यावर खजिनदार फॉर्म १६ मध्ये (वर्षाच्या पगाराच्या दाखल्यात) ९,००० गुणिले १२, म्हणजे १,०८,००० सरळ तुमच्या पगारात टाकणार, आणि त्यांचं काही चुकत नाही.

त्यात घराचं आणखी एक गणित आहे जे बहुतेक कमिट्यांना माहीतच नसतं. मालकाने राहायला फुकट घर दिलं तर त्याची किंमत पगारात धरतात, आणि ती शहराच्या लोकसंख्येवरून ठरते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४० लाखांच्या वरच्या शहरात पगाराच्या १० टक्के, १५ ते ४० लाखांत साडेसात टक्के, त्याखाली ५ टक्के. हे दर सप्टेंबर २०२३ पासूनचे आहेत आणि घर संस्थेच्या मालकीचं, बिनफर्निचरचं असेल तर. इंदूर आणि वडोदरा दोन्ही साडेसात टक्क्यांत येतात, ग्वाल्हेर ५ टक्क्यांत. तुमचा नुसता पगार वर्षाला ४,५६,००० होतो, त्याचे साडेसात टक्के ३४,२००. पण भत्ता माफ झाला नाही तर तोही 'पगार' म्हणूनच मोजला जातो, मग ५,६४,००० चे साडेसात टक्के ४२,३००. म्हणजे एका न लिहिलेल्या पेट्रोलमुळे घराची किंमतही वाढली. सगळं धरून स्टँडर्ड डिडक्शननंतर तुमचं उत्पन्न कागदावर ५,३१,३०० दिसणार, तेच हिशेब नीट ठेवला असता तर ४,१५,२०० दिसलं असतं. जे १,१६,१०० रुपये तुमच्या हातात कधी राहिलेच नाहीत ते तुमच्या नावावर उत्पन्न म्हणून लागले. उद्या पोरांच्या स्कॉलरशिपला, फीमाफीला उत्पन्नाचा दाखला लागेल तेव्हा हाच आकडा पुढे येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी प्रत्येक पाळकाला सांगते. धंदेवाला माणूस कामाचा खर्च स्वतःच्या उत्पन्नातून वजा करतो, पगारदाराला ती सोय नाही, त्याला फक्त ठरलेलं स्टँडर्ड डिडक्शन. म्हणजे तुम्ही स्वतःच्या खिशातून पेट्रोल घातलं, आजाऱ्याला फळं नेली, कन्व्हेन्शनला स्वतः तिकीट काढलं आणि मंडळीकडे मागितलं नाही, तर तो पैसा गेला, रिटर्नमध्ये कुठेही मागता येत नाही. परत मिळायचा एकच दरवाजा आहे, मंडळीकडून, बिलासकट.

करायचं फार काही नाही. एक साधी दोनशे पानी वही घ्या, स्कूटरच्या डिकीत ठेवा. तारीख, कुठे गेलात, कशासाठी, मीटरचा आकडा निघताना आणि परतताना, खर्च किती. समजा '१२ तारीख, महू, आजारी सभासदाची भेट, ११२४० ते ११२८८, ४८ किमी'. एवढीच ओळ. सभासदाचं नाव, आजार काय हे लिहायची गरज नाही, ते लिहूही नका, ही वही ऑडिटर बघणार आहे. पेट्रोलच्या पावत्यांची शाई दोन महिन्यांत उडते, कोरा कागद उरतो, म्हणून घेतल्या दिवशीच मोबाइलने फोटो काढा. महिनाअखेर वहीवरून बेरीज करून खजिनदाराला द्या. घरचा बाजार, मुलांची शाळा, ह्या फेऱ्या त्यात येणार नाहीत. आणि जे पाळक चर्चपासून लांब राहतात त्यांनी रोजचं घर ते चर्च येणं-जाणं धरू नये, ते कामावर जाणं झालं, कामासाठी फिरणं नाही.

बरं वाटत नाही म्हणालात, ते मला समजतं, आपल्याकडे पाळकाने पैशाचं बोललं की लोकांचे चेहरे बदलतात. पण दानपेटीत विधवा बाई जे टाकते ते कुठे गेलं हे सांगता येणं ही पण सेवाच आहे. वहीत ओळ लिहिणारा पाळक मंडळीवर अविश्वास दाखवत नाही, उलट तिला हिशेब देतो. मी तर म्हणते कमिटीनेच पहिल्या मीटिंगला ती वही आणून पाळकांच्या हातात द्यावी, त्यांना मागायची वेळच येऊ नये.

प्रश्न : मी खजिनदार आहे. पाळकांना आणि दोन तरुणांना जबलपूरच्या शिबिराला पाठवलं, त्यासाठी पाळकांना १४,००० रोख दिले, व्हाउचरवर सही आहे. ऑडिटर म्हणतो हा खर्च धरणार नाही. सही असताना का नाही?
— खजिनदार, छावणी, इंदूर

उत्तर : दादा, ऑडिटर बरोबर आहे. आयकरातून माफी मिळावी म्हणून कलम १२एबी खाली रजिस्टर असलेल्या ट्रस्टला उत्पन्नाचे ८५ टक्के आपल्या उद्देशावर खर्च करावे लागतात, आणि त्या ८५ टक्क्यांत एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला पैसा मोजत नाहीत. सही, स्टॅम्प, ठराव सगळं असलं तरी. हेच १४,००० तुम्ही यूपीआयने, एनईएफटीने किंवा अकाउंट पेयी चेकने दिले असते तर काही प्रश्न नव्हता. आणि आता घाईने त्याच व्हाउचरचे सात-सात हजारांचे दोन तुकडे करून मागची तारीख घालू नका, तसं सुचवणारे बरेच भेटतात, मंडळीच्या वहीत खोटं लिहिण्यापेक्षा १४,००० वगळलेले परवडले. बाकीच्या खर्चातून ८५ टक्के भरत असतील तर नुकसानही होत नाही, आधी ती बेरीज करून बघा.

दुसरी गोष्ट, तुम्ही जे दिलंत तो खर्च नव्हता, ॲडव्हान्स होता. शिबिराहून परत आल्यावर तिकिटं, राहण्याची पावती, जेवणाचं बिल घेऊन त्याचा हिशेब मिटवायचा, उरलेले पैसे परत घ्यायचे आणि मग खर्चाची नोंद करायची. हे कित्येक ठिकाणी होतच नाही, ॲडव्हान्सचीच खर्चात नोंद होते आणि उरलेल्या बाराशे रुपयांवरून वर्षभर कुजबूज चालते, त्यात बिचारा पाळक बदनाम होतो. पंधरा दिवसांत हिशेब मिटवायचा असा नियम करा.

व्हाउचरवर 'शिबिर खर्च' एवढंच लिहू नका. कोण गेलं, कुठे, कुठल्या तारखांना, कशासाठी, हे चार शब्द लिहा. रोखीने ५,००० च्या वर पैसे घेतल्याची पावती असेल तर १ रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही. यूपीआयचा स्क्रीनशॉट बिलाच्या जागी चालत नाही, त्यातून पैसे गेले एवढं कळतं, कशाचे गेले ते कळत नाही. टोलसाठी मात्र फास्टॅगचं स्टेटमेंट छान चालतं, प्लाझाचं नाव आणि वेळ दोन्ही त्यात असतं.

पगाराचंही बघून घ्या. एखाद्याचा वर्षाचा पगार टॅक्समध्ये बसत असेल तर टीडीएस, म्हणजे पगार देतानाच टॅक्स, कापणं ट्रस्टचं काम आहे, धार्मिक संस्था म्हणून सूट नाही. कापला नाही तर त्या खर्चाचे ३० टक्के ८५ टक्क्यांच्या हिशेबातून उडतात. साध्या मंडळीच्या पाळकांना हे लागू होत नाही कारण पगार तेवढे नसतातच, पण शाळा, हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थांनी लक्ष ठेवावं.

प्रश्न : आमच्या पाळकांना मोबाइल रिचार्ज, झगा, पुस्तकं आणि बायकोचं रेल्वे तिकीट, ह्यातलं काय देता येतं?
— महिला मंडळाच्या सेक्रेटरी, इंदूर

उत्तर : मोबाइल द्या, मंडळीने भरलेलं पाळकांचं फोनबिल त्यांच्या उत्पन्नात येत नाही. झग्यासाठी भत्ता देऊ नका, गणवेश भत्त्याची माफी नव्या रेजीममध्ये नाही, त्यापेक्षा मंडळीनेच शिवून घ्या, बिल मंडळीच्या नावाचं, आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढवा. पुस्तकांचंही तेच, पाळक बदलून गेले तर पुस्तकं मंडळीच्या कपाटात राहतात, पुढच्याला उपयोगी पडतात. बाईंचं तिकीट त्या तिथे काही काम करणार असतील, महिलांची सभा घेणार असतील, आणि तसं आधी ठरावात असेल, तर खर्च मंडळीचा. नुसत्या सोबत जात असतील तर घरचा.

प्रश्न : मी कीर्तनकार आहे, माझे एक स्नेही पाळक आहेत. आमचं दोघांचं वादातलं एक आहे. मला बिदागी मिळते, त्यांना लग्न लावल्यावर, घराच्या प्रार्थनेला, अंत्यविधीला लोक पाकीट देतात. मी म्हणतो ५०,००० पर्यंत भेट माफ आहे, ते म्हणतात धर्मकार्याचा पैसा कितीही असो माफच आहे. कोण बरोबर?
— बुवा, रामबाग, इंदूर

उत्तर : बुवा, दोघेही नाही, आणि हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलेला आहे. पी. कृष्ण मेनन म्हणून त्रावणकोर सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, ते वेदान्त शिकवायचे, फी घेत नव्हते. लेव्ही नावाचा त्यांचा एक इंग्रज शिष्य होता, त्याने गुरूच्या खात्यात मोठाल्या रकमा जमा केल्या. मेनन ह्यांचं म्हणणं, ही प्रेमाने दिलेली भेट आहे. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वेदान्त शिकवणं हा सुद्धा व्यवसाय ठरू शकतो, नफ्याचा हेतू असायलाच हवा असं नाही, आणि त्या कामामुळे जो पैसा आला तो उत्पन्नच. शिष्याने शिकवणीसाठीच दिला होता, माणूस आवडला म्हणून नाही.

म्हणून बघायचं ते असं की पाकीट कशामुळे आलं. तुम्ही कीर्तन केलं म्हणून आलं तर ते तुमच्या कामाचं उत्पन्न, मग ते ५०१ असो की ५०,००१, आणि देणाऱ्याने त्याला बिदागी म्हणो, दक्षिणा म्हणो की भेट. पाळकांचं लग्नाचं पाकीट तसंच. ५०,००० चा नियम नात्यात नसलेल्या माणसाने काही कारण नसताना दिलेल्या भेटींचा आहे, वर्षाची सगळी बेरीज त्याच्या आत असेल तर माफ, वर गेली तर नुसता वरचा भाग नाही, सगळी रक्कम लागते.

पण बुवा, तुमची बाजू पाळकांपेक्षा मोकळी आहे ते लक्षात घ्या. तुम्ही कुणाचे नोकर नाही, त्यामुळे तुम्हाला खर्च वजा करता येतो, नव्या रेजीममध्येही. पेटीवाल्याला दिलेले पैसे, तबलजीचं मानधन, उज्जैनला जायचं गाडीभाडं, पेटीची दुरुस्ती. तीच वही तुम्हीपण ठेवा, डाव्या पानावर बिदागी, उजव्या पानावर खर्च. आयोजकांनी गाडीभाडं वेगळं दिलं तर तेही डावीकडे लिहा आणि खर्च उजवीकडे. मात्र रिटर्न आयटीआर-१ मध्ये भरू नका, तो फॉर्म ह्या उत्पन्नासाठी नाही.

पाळक मित्रांना सांगा, पाकीट मंडळीसाठी असेल तर तिथल्या तिथे मंडळीच्या नावाची पावती फाडायला लावा, मग ते त्यांचं उत्पन्नच नाही. खिशात घालून नंतर रविवारी अर्पणात टाकलं तर आधी उत्पन्न झालं आणि मग दान झालं, आणि शुद्ध धार्मिक संस्थेला दिलेल्या दानावर ८०जी ची, म्हणजे दान देणाऱ्याला टॅक्समध्ये मिळणारी, सवलतही नसते.

प्रश्न : माझी भाची सिस्टर आहे, अनुदानित शाळेत शिकवते. पगार सगळा कॉन्व्हेंटला जातो, तिच्याकडे स्वतःचं बँकबुक पण नव्हतं इतकी वर्षं. आता टीडीएस कापतात. जिने गरिबीचं व्रत घेतलं तिच्याकडून टॅक्स कसला?
— मावशी, इंदूर

उत्तर : मावशी, तुमचं मन दुखलंय ते पत्रात दिसतंय, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. १९४४ आणि १९७७ च्या सरकारी परिपत्रकांमुळे कितीतरी वर्षं सिस्टर आणि फादर लोकांच्या अशा पगारावर टीडीएस कापला जात नव्हता, मग तामिळनाडू आणि केरळमधून प्रकरणं कोर्टात गेली. संस्थांचं म्हणणं असं की व्रत घेतल्यावर चर्चच्या कायद्याप्रमाणे त्या व्यक्तीचा संसारी जगाशी संबंध संपतो, तिचं स्वतःचं काही उरत नाही, म्हणून पगार संस्थेचाच. ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने अपिलं फेटाळली. पगार शिकवणाऱ्या व्यक्तीच्या नावावर येतो, मग तो तिने कुणाला दिला हा पुढचा प्रश्न. कायद्यात हा फरक जुना आहे, पैसा हातात येण्याआधीच दुसऱ्याचा असणं वेगळं आणि हातात आल्यावर दुसऱ्याला देणं वेगळं.

आता व्यवहाराचं. भाचीचं पॅन आहे ना बघा. शाळेला तिने कुठलीच रेजीम कळवली नसेल तर नवीच धरतात. २०२५-२६ मध्ये तिचा पगार १२,७५,००० पर्यंत असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल तर टॅक्स शून्य, आणि कापलेला टीडीएस रिटर्न भरला की व्याजासकट परत येतो, त्यासाठी तिच्या नावाचं बँक खातं पाहिजे आणि ते पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं पाहिजे. कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर सगळ्यांची कागदपत्रं सांभाळत असते बहुतेक, तिच्याशी तुम्ही बोला. पैसा कॉन्व्हेंटचाच होईल, पण परत मागायचा हक्क भाचीच्या सहीचा आहे. आयटीआर-१ ची शेवटची तारीख ३१ जुलै.

प्रश्न : आमचे जावई अमेरिकेत न्यू जर्सीला पाळक झालेत, तिथल्या चर्चने नेमणूक दिली. आधी आयटीत होते. मुलगी म्हणते टॅक्सचं तिथे सगळं उलटंच आहे, पगारातून काहीच कापत नाहीत आणि वर घराचे पैसे माफ आहेत. हे खरं का? आम्हाला काळजी वाटते.
— आजी-आजोबा, टिळकनगर, इंदूर

उत्तर : काका-काकू, खरं आहे, आणि काळजी वाटते म्हणता तर थोडी घ्यायला लावाच जावईबापूंना, कारण पहिल्या वर्षी नवे पाळक तिथे नेमके ह्याच जागी अडकतात.

तिथे पाळक एकाच वेळी दोन आहे. इन्कम टॅक्ससाठी तो चर्चचा नोकर, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी स्वतःचा मालक. बाकी नोकरदारांचा सोशल सिक्युरिटीचा अर्धा वाटा मालक भरतो, पाळकाला पूर्ण १५.३ टक्के स्वतः भरावा लागतो, आणि चर्चला पगारातून इन्कम टॅक्सही कापायची सक्ती नाही. म्हणून पगार भरघोस हातात येतो आणि माणसाला वाटतं वा. तो पैसा दर तिमाहीला आगाऊ टॅक्स म्हणून भरायचा असतो, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला. आयटीत असताना हे कंपनीने केलं, आता कुणी करणार नाही. चर्चला सांगून स्वेच्छेने पगारातून कापून घेता येतं, नव्या माणसाने तेच करावं असं माझं मत आहे.

घराचं म्हणाल तर आपल्याकडे चर्चचं घर उत्पन्नात मिळवतात, तिकडे वगळतात, नेमकं उलटं. पाळकाला घरासाठी दिलेली रक्कम इन्कम टॅक्समधून माफ असते, ह्याला तिथे कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं आणि २०१९ मध्ये अपील कोर्टाने ही सवलत कायम ठेवली. पण तीन आकड्यांतला सगळ्यात छोटा माफ. चर्चने घरासाठी ठरवून दिलेली रक्कम, घरावर खरोखर झालेला खर्च, आणि ते घर फर्निचरसकट भाड्याने दिलं असतं तर आलं असतं ते भाडं वीज-पाण्यासकट. आणि चर्चने ती रक्कम आधी ठराव करून ठरवायला पाहिजे, वर्ष संपल्यावर मागच्या तारखेने केलेला ठराव चालत नाही. जानेवारीत ठराव नसेल झाला तर आज करा, आजपासून पुढचं तरी वाचेल. शिवाय माफी फक्त इन्कम टॅक्सची, १५.३ टक्क्यांच्या हिशेबात ही घराची रक्कम परत मोजतात, हे विसरून कित्येक जण कमी भरतात आणि मग दंड.

खर्चाचं मात्र तिथे आणि इथे एकच आहे, त्यामुळे वरचं पहिलं उत्तर मुलीला पाठवून द्या. २०१८ पासून तिथल्या नोकरदाराला स्वतःच्या खिशातून केलेला कामाचा खर्च इन्कम टॅक्समध्ये वजा करता येत नाही, आणि २०२५ च्या नव्या कायद्याने ते कायमचंच करून टाकलं. उपाय एकच, चर्चने लेखी योजना करायची, तिला तिथे अकाउंटेबल प्लॅन म्हणतात. खर्च कामाचा असला पाहिजे, ६० दिवसांत बिलं दिली पाहिजेत, ॲडव्हान्समधलं उरलेलं १२० दिवसांत परत केलं पाहिजे. एवढं पाळलं की परत मिळालेला पैसा उत्पन्नात येतच नाही. न पाळता दर महिन्याला ठोक ५०० डॉलर 'कारसाठी' दिले तर ते सगळे पगारात. कारसाठी मैलाचा सरकारी दर आहे, २०२५ साठी ७० सेंट, २०२६ साठी साडेबाहत्तर सेंट, त्या दराने मैल लिहून मागितले की पेट्रोलच्या पावत्या जपायला लागत नाहीत, पण मैलांची वही लागतेच. आणि पगार कापून तेच पैसे खर्च म्हणून परत द्यायचे ही पळवाट कुणी सुचवली तर नाही म्हणा, ती चालत नाही.

एक शेवटचं. तिथे कुणीतरी सांगेल की फॉर्म ४३६१ भरला की १५.३ टक्के वाचतात. तो फॉर्म ज्यांचा सरकारी विम्याला धर्मश्रद्धेने मनापासून विरोध आहे त्यांच्यासाठी आहे, पैसे वाचवायसाठी नाही, त्यावर सही करताना तशी शपथच असते. एकदा मंजूर झाला की मागे फिरता येत नाही असंच समजा, आणि पाळकीच्या कमाईवर म्हातारपणी सोशल सिक्युरिटी मिळत नाही. जावयांच्या मनात खरोखर तसा विरोध नसेल तर त्या फॉर्मला हात लावू नये.

प्रश्न : आमच्या कमिटीला पटलंय, ह्या वर्षीपासून भत्ता बंद करून बिलावर पैसे द्यायचे. ठराव कसा लिहू? पाळक आमच्या ट्रस्टमध्ये ट्रस्टी पण आहेत, त्याने काही अडचण?
— एक सचिव, इंदूर

उत्तर : वाचून फार बरं वाटलं. ट्रस्टी असले तरी त्यांनी केलेल्या कामाचा वाजवी पगार आणि खरा खर्च देता येतो, अडचण वाजवीपेक्षा जास्त दिलं तर येते, ट्रस्टची माफी धोक्यात येते. म्हणून ह्या ठरावाच्या वेळी पाळकांनी मत देऊ नये, बाहेर बसावं, आणि तसं मिनिट्समध्ये लिहावं. बिलं मंजूर करणारा खजिनदार पाळकांच्या घरातला नको. आपल्या एमपीत पब्लिक ट्रस्टचा रजिस्ट्रार कलेक्टर असतो, उद्या तिथून विचारणा झाली तर हेच मिनिट्स दाखवायचे.

पगार कमी करू नका. बऱ्याच कमिट्या इथे घसरतात, ९,००० भत्ता बंद केला, बिलं आली ६,०००, आणि वर्षाला ३६,००० वाचले म्हणून खूश होतात. ते वाचलेले पैसे पाळकांच्या घरात जात होते, त्यांचं घर त्यावर चालत होतं. फरक पगारात वाढवून द्या, उघडपणे, पगार म्हणून.

ठराव असा लिहा, तुमच्या गरजेप्रमाणे बदला : 'मंडळीच्या कामासाठी पाळकांनी केलेला प्रवास, फोन, पुस्तकं, पाहुणचार व शिबिरांचा प्रत्यक्ष खर्च मंडळी देईल. पाळक दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मागील महिन्याचा हिशेब तारीख, ठिकाण, कारण व बिलासह खजिनदारांकडे देतील. खजिनदार १५ तारखेपर्यंत रक्कम पाळकांच्या बँक खात्यात जमा करतील. ॲडव्हान्स घेतल्यास काम संपल्यापासून १५ दिवसांत हिशेब देऊन शिल्लक परत करावी. एका महिन्यात १०,००० च्या वर खर्च होणार असल्यास कमिटीची आधी मंजुरी घ्यावी. ही रक्कम पगाराचा भाग नाही.' खाली तारीख, हजर सभासदांच्या सह्या, आणि एक प्रत पाळकांच्या हातात.